रंजना, ते तुझं बोट नव्हतं

ये गं रंजना, अशी जवळ ये. दारात उभी राहून ऐकू नकोस, मला ओरडून बोलायला लावू नकोस. आणि मान खाली कशाला? वर बघ माझ्याकडे. तीन वेळा तुला समोर बसवून सांगितलं, एकदा फोनवर सांगितलं. प्रत्येक वेळी तू हसून मान हलवलीस आणि घरी जाऊन पुन्हा तेच, ‘माझंच बोट चुकलं.’ माणसानं हट्टी असावं, पण किती! आता पाचव्यांदा सांगते आणि छापून सांगते. छापील कागदावर तुझा फार विश्वास ना? मग घे.

वाचकहो, तुम्ही दचकू नका. ही ओरड तुमच्यासाठी नाही. पण तुम्हीही बसा, साक्षीदार लागतील. संपादक म्हणाले, ‘काकू, तुमच्या कॉम्प्युटरच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा.’ गमती सांगते, पुष्कळ आहेत. पण मला या पानांवर एक काम उरकायचं आहे. दिंडोरीच्या एका बाईनं न केलेली चूक डोक्यावर घेतली आहे, ती खाली उतरवायची आहे.

आधी माझं. मी कॉलेजची पायरी चढलेली नाही. पंचवटीत आमचा टायपिंगचा क्लास होता, हे चालवायचे. टाइपरायटर भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आले तेव्हा हे म्हणाले, ‘आता हे तू बघ, मला नाही जमायचं.’ मी बघितलं. त्या डब्याबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक, मांडीवर डिक्शनरी घेऊन, दुपारी बॅच सुटल्यावर वाचलं. अर्धं कळलं नाही, उरलेलं करून बघितलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी गंगापूर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत लागले ती एकोणीस वर्षं तिथेच राहिले. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हुद्दा टेस्टर. सगळे म्हणायचे काकू.

आता टेस्टर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर आमच्या शेजारणीसारखं ‘रक्ताच्या टेस्टा का?’ विचाराल.

तुम्ही कॉम्प्युटरवर चित्रांवर टिचक्या मारता. या चित्रांशिवायही कॉम्प्युटर चालवता येतो, एका काळ्या खिडकीतून. तिच्यात चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. हुकूम लिहायचा, एंटर मारायचा, ती काम करते. दीडशे फाइली एकेक करून ओढत बसण्यापेक्षा एक ओळ लिहायची, झालं. रोजचे हुकूम एका यादीत लिहून ठेवले की ती यादी आपोआपही चालते. या खिडकीला शेल म्हणतात. आमची कंपनी स्वतःचं शेल बनवत असे आणि जाहिरातीत म्हणत असे: एकदा लिहा, विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हीवर सारखंच चालेल.

सारखंच चालेल! हे शब्द ज्यानं लिहिले तो मला एकोणीस वर्षांत सापडला नाही, नाहीतर त्याला माझ्या खुर्चीत एक आठवडा बसवला असता.

अहो, हे तीन कॉम्प्युटर म्हणजे तीन विहिणी. फराळाचं एकच ताट तिघींकडे पाठवा. एक म्हणेल ताट उलटं ठेवलंय. दुसरी म्हणेल ‘karanji’ आणि ‘Karanji’ ही दोन वेगवेगळी पक्वान्नं. तिसरी काही बोलणार नाही, पण दुसऱ्या दिवशी कळेल की चकली मोडली म्हणून रुसली आहे. फोल्डरच्या पत्त्यातली तिरपी रेघ विंडोजवर एकीकडे कलते, बाकी दोघांकडे दुसरीकडे. लिनक्सला नावातलं मोठं अक्षर आणि लहान अक्षर यांत जमीनअस्मानाचा फरक, विंडोजला त्याचं काहीच नाही. ओळ कुठे संपली हे कळवायला एकाला एक अदृश्य खूण पुरते, दुसऱ्याला दोन लागतात. डोळ्यांना दिसत नाही, पण भांडण मात्र खरं.

या भांडणांवर उपाय म्हणून परीक्षा. प्रत्येक हुकमासाठी मी एक प्रश्न लिहायची आणि शेजारी त्याचं बरोबर उत्तर. ‘दहा फाइली बनव, तीन पुसून टाक, किती उरल्या?’ सात आल्या तर हिरवं, नाही आल्या तर लाल. परीक्षा घेणारा कॉम्प्युटर, देणारा कॉम्प्युटर, पेपर तपासणाराही कॉम्प्युटर. मी फक्त पेपर काढणारी. असे हजारावर पेपर. प्रोग्रामर मुलांनी शेलमध्ये एक अक्षर बदललं की सगळी परीक्षा तिन्ही मशीनवर पुन्हा सुरू, आणि भिंतीवरच्या पडद्यावर निकालाची पाटी. सगळी पाटी हिरवी झाल्याशिवाय नवी आवृत्ती गिऱ्हाइकाकडे जाणार नाही, हा नियम.

नियम म्हटला की पळवाट आलीच. आमच्या पळवाटेचं नाव ‘परत लाव’. एखादी चाचणी लाल आली की कोणी विचारायचंच नाही की बाई, का लाल? आमचा मुख्य प्रोग्रामर निखिल, हुशार मुलगा, मनानं चांगला, पण लाल दिसलं की मान न वळवता म्हणायचा, ‘काकू, परत लावा.’ परत लावलं की बहुतेकदा हिरवं यायचं. आलं की टाळी. अरे, ताप मोजायला थर्मामीटर लावला, एकशे दोन आला, म्हणून झटकून परत लावायचा? नॉर्मल येईपर्यंत? आणि मग म्हणायचं, पोरगं बरं आहे?

म्हणून मी एक डायरी ठेवली. साधी, गुळगुळीत पुठ्ठ्याची. दोन स्केचपेनं, एक लाल, एक हिरवं. कॉम्प्युटर जुने निकाल महिन्याभरात पुसून टाकायचा, पण माझी डायरी कोण पुसणार? रोज कुठली चाचणी कुठल्या मशीनवर लाल झाली, तिथे ठिपका. नंतर परत लावून हिरवी झाली तरी पहिला ठिपका लालच. मुलं चेष्टा करायची. ‘काकूंचं कुंकवाचं पान.’ करा म्हटलं चेष्टा.

त्या पानानं एकदा सगळ्यांची बोलती बंद केली. ‘आजची तारीख सांग’ अशी एक चाचणी होती. याहून सोपं काय असेल? ती पहाटे पाचच्या फेरीत लाल यायची आणि दहाच्या फेरीत हिरवी. निखिल म्हणाला, ‘पहाटे मशीन झोपेत असतं, काकू.’ विनोद! तीन आठवडे हा विनोद ऐकला. मग माझ्या वाढदिवसाला माझ्या बहिणीचा फोन आला. ती परदेशात असते. म्हणाली, ‘इथे अजून कालचाच दिवस आहे, पण तुला शुभेच्छा देऊन ठेवते.’ मी तशीच ऑफिसात गेले. परीक्षेचं ते मशीन परदेशातलं, त्याचं घड्याळ आपल्याहून साडेपाच तास मागे. आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत त्याच्या दृष्टीनं कालचाच दिवस. चाचणी खरंच सांगत होती की शेल तारीख चुकीची देतंय. आम्ही तिलाच वेड्यात काढत होतो. निखिलनं कान पकडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला, ‘परत लावा.’

आता त्र्यंबकचे काका. त्यांच्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. त्र्यंबकेश्वरला यात्रेकरूंच्या एका निवासाचं बुकिंग ते सांभाळायचे. आमचं शेल घेतलं, हुकमांची पहिली यादी लिहिली आणि संतापून फोन केला. ‘तुमचं मशीन पहिल्याच ओळीला अडतंय! आणि पहिली ओळ काय आहे माहीत आहे? श्रीकार!’

त्यांचं खरं होतं. आपण वहीच्या पहिल्या पानावर वर काय लिहितो? दोन उभ्या रेघा, श्री, पुन्हा दोन उभ्या रेघा. काकांनी तेच केलं होतं. आता शेलच्या भाषेत दोन उभ्या रेघांचा अर्थ ‘आधीचं काम फसलं तर पुढचं कर’. आधी काहीच काम नाही, मग फसणार काय? शेल गोंधळून पहिल्याच ओळीला बसकण मारायचं. जगातल्या कुठल्याही टेस्टरच्या डोक्यात ही चाचणी आली नसती.

मी म्हटलं, ‘काका, त्या ओळीच्या आधी हॅशची, ही # अशी, खूण टाका. ती टाकली की शेल ती ओळ वाचत नाही, सोडून देतं.’

‘म्हणजे देवाचं नाव वाचू नकोस असं मी मशीनला सांगायचं?’

‘तसं नाही हो...’

‘मग कसं? आणि देवाच्या डोक्यावर ती जाळी ठेवायची? बाई, तुम्ही पंचवटीत राहता ना?’

तीन दिवस हा फोन. शेवटी मी निखिलच्या मागे लागले आणि त्यानं पहिल्या ओळीतला श्रीकार शेलला शिकवला. तिन्ही मशीनवर. मी त्याच्या चार चाचण्या लिहिल्या, एक रेघ, दोन रेघा, शुभ-लाभसकट. साहेब, म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, प्रत्येक बैठकीत ही गोष्ट सांगायचे. ‘आम्ही गिऱ्हाइकासाठी दोन दिवसांत देवाची सोय केली!’ लोक हसायचे. मीही हसायची. हे लक्षात ठेवा, दोन दिवसांत. मला पुढे लागणार आहे.

आता रंजना. हं, आता मान वर ठेव.

दिंडोरीला एक पॅकहाउस आहे. परदेशी जाणारी द्राक्षं तिथे निवडून, साफ करून खोक्यांत भरतात. रंजना तिथे कॉम्प्युटरवर बसायची. बारावी झाली, लग्न झालं, घरच्या बागेत राबली, आणि बागेतून उठून स्वतःच्या स्वतः टायपिंग शिकली. तेवढ्यावरच आमचं सूत जुळलं. तिचं काम फवारणीच्या नोंदींचं. कुठल्या प्लॉटवर कुठलं औषध, किती, कोणत्या दिवशी. ही नोंद नसेल तर द्राक्ष कितीही देखणं असो, परदेशी जायला पास होत नाही. शेतकरी कशावरही लिहून आणायचे. डायरी, औषधाच्या खोक्याचं फाडलेलं पान, फोनमधला फोटो. रंजना ते सगळं नीट लावायची, एका प्लॉटची एक फाइल. त्या हंगामात एकशे चाळीस प्लॉट होते.

त्या पॅकहाउसनं आमचं शेल घेतलं होतं, ते तिला मीच शिकवलं. तिनं हुकूम वहीत मराठी अक्षरांत उतरवले होते, ‘कॉपी’, ‘मूव्ह’, ‘डिलीट’, आणि डिलीटभोवती लाल चौकोन. इतकी जपून काम करणारी बाई.

आता आमच्या ऑफिसात काय चाललं होतं ते ऐका. मूव्ह म्हणजे घर बदलणं. एका डिस्कवरचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर न्यायचं. शहाणा माणूस काय करतो? सामान नव्या घरी पोचवतो, मोजतो, आणि मग जुन्या घराची किल्ली देतो. माझी चाचणी हीच होती. दोनशे फाइली ने, तिकडे मोज, दोनशे भरल्या पाहिजेत. विंडोजवर कधीकधी एकशे नव्याण्णव भरायच्या. कधी एकशे सत्त्याण्णव. परत लावलं की दोनशे.

‘अँटीव्हायरस मधे तडमडतो, काकू,’ निखिल म्हणायचा. ‘एखादी फाइल तो तपासायला धरून ठेवतो. आपला दोष नाही.’

‘अरे, मग गिऱ्हाइकांकडे अँटीव्हायरस नसतो का?’

‘असतो. पण आज नको ना, काकू. परत लावा.’

डायरीत तेरा लाल ठिपके झाले. मग एक मोठी आवृत्ती द्यायचा दिवस आला. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे. पाटी सगळी हिरवी, एक ती सोडून. परत लावली, लाल. परत लावली, लाल. साहेब म्हणाले, ‘काकू, एवढ्या एकीसाठी सगळं अडवणार का? बाजूला ठेवा तिला. पुढच्या आठवड्यात बघू.’

चाचणी बाजूला ठेवणं सोपं असतं. तिच्या डोक्यावर एक शब्द लिहायचा, ‘स्किप’. चार अक्षरं इंग्रजी. मग तो पेपर घेतलाच जात नाही, आणि न घेतलेल्या पेपरात कोणी नापास कसं होईल? निखिलनं लिहिला नाही तो शब्द, साहेबांनी लिहिला नाही. मी लिहिला. थर्मामीटरवरून पोरांना एवढं बोलणारी मी, मी थर्मामीटरच खिशात घातला. पाटी हिरवीगार झाली. पेढे वाटले. मी डायरीत हिरवा ठिपका द्यायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. तो रकाना रिकामा आहे. आजही आहे.

पुढचा आठवडा काही आला नाही. दीड महिना गेला आणि रंजनाचा फोन आला.

‘काकू, माझ्या हातून लय मोठं झालं. प्लॉट गेले.’

‘गेले म्हणजे?’

‘लॅपटॉप भरला व्हता. सोमवारी तपासणीवाले येणार. म्हणून मी सगळं बाहेरच्या डिस्कवर मूव्ह केलं. तिकडं नव्व्याण्णवच दिसत्यात. आन् हिकडं काहीच नाय.’

मी पहिल्या बसनं दिंडोरीला गेले. पॅकहाउसचे मालक, त्यांना सगळे दादा म्हणतात, दारातच भेटले. ‘काकू, तुम्हीच सांगा, कॉपी करायचं सोडून मूव्ह कशाला केलं हिनं?’ सुपरवायझर म्हणाला, मूव्ह कशाला केलं. गाडीवाला म्हणाला, मूव्ह कशाला केलं. ज्यांना मूव्ह म्हणजे काय ते ठाऊक नाही तेही म्हणत होते. आणि रंजना मधोमध खुर्चीत बसून म्हणत होती, ‘हा ना, माझंच बोट.’

लॅपटॉपची डिस्क नव्या जातीची, तिच्यावरून पुसलं की राखसुद्धा उरत नाही. ते परत येणार नव्हतं. मी रिकाम्या फाइलींचं एक फोल्डर बनवलं आणि बाहेरच्या डिस्कवर मूव्ह केलं. सगळ्या आल्या. पुन्हा केलं. आल्या. तिसऱ्यांदा एक कमी.

मला माझ्या डायरीतले तेरा ठिपके दिसले. तेराही.

मी रिकाम्या क्रेटांच्या आडोशाला जाऊन निखिलला फोन केला. ‘निखिल, ती आपली बाजूला ठेवलेली चाचणी. इथे एक्केचाळीस प्लॉट गेलेत.’ त्यानं आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाला, ‘काकू, आत्ता तिथे काही बोलू नका. मी साहेबांना विचारतो.’

तासाभरात कंपनीचं पत्र आलं, दादांच्या ईमेलवर. दादांनी ते छापलं आणि फलकावर टाचणीनं लावलं. ‘तपासणीत प्रणालीमध्ये दोष आढळला नाही. वापरताना चूक झाली असण्याची शक्यता आहे.’ तपासणी! कुणी केली? केव्हा? माझा फोन ठेवून तासभर झाला होता. देवाच्या श्रीकाराला दोन दिवस लागले होते, आणि या निकालाला एक तास.

मी फलकासमोर उभी राहून ते पत्र वाचलं. रंजना माझ्या शेजारी उभी होती. तिनं बोटानं एकेक ओळ वाचली. म्हणाली, ‘बघा काकू. छापूनच आलंय.’

तेव्हा बोलायचं होतं. तोंडात शब्द आले होते. मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, ‘चल, कामाला लागू.’

चार दिवस आम्ही दोघी त्या नोंदी पुन्हा उभ्या करत बसलो. शेतकऱ्यांना फोन, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांवरची नावं, दुकानातली पावतीपुस्तकं, कुणाच्या मुलाच्या फोनमधले फोटो. रंजनाची सासू दुपारी भाकरी आणि ठेचा पाठवायची, दोघींपुरता. मी तिची भाकरी खाल्ली आणि गप्प बसले. तीस प्लॉट उभे राहिले. अकरा नाही राहिले. त्या अकरांची द्राक्षं परदेशी गेली नाहीत, इथल्याच बाजारात गेली. त्यांतला एक प्लॉट रंजनाच्या दिराचा होता. तो अजून जेवायला बसला की ऐकवतो, ‘आमच्या वहिनींनी एक बोट दाबलं आणि बाग नाशकातच राहिली.’

पुढच्या हंगामात रंजनानं कॉम्प्युटर सोडला. दादांनी काढलं नाही तिला, ती आपण होऊन उठली. आता ती त्याच पॅकहाउसात रांगेत उभी राहून कात्रीनं घड साफ करते. कॉम्प्युटरच्या खोलीवरून जाताना, म्हणे, आत बघत नाही.

आणि आमच्याकडे? मी परत आले तशी निखिलच्या टेबलावर डायरी आपटली. दोष शोधायला त्याला दीड दिवस लागला. दोष कसा होता ऐका. अँटीव्हायरस फाइल धरून ठेवायचा आणि शेलला सांगायचा, ‘आत्ता नाही, नंतर ये.’ आमचं शेल तो निरोप ‘पोचलं’ असा लिहून घ्यायचं आणि पुढे जायचं. शेवटी जुनं घर पाडून मोकळं, आत सामान असलं तरी. माझ्या चाचणीतल्या फाइली चिमूटभर, म्हणून एखाददुसरीच अडकायची. रंजनाच्या फाइली भरलेल्या, अँटीव्हायरस त्या निवांत चाळत बसायचा, म्हणून एक्केचाळीस. निखिलच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बघितलं. दुरुस्ती झाली, नवी आवृत्ती गेली, आणि तिच्या माहितीपत्रात काय छापलं? ‘किरकोळ सुधारणा.’ मी साहेबांकडे गेले, म्हटलं, दिंडोरीला दुसरं पत्र पाठवा. ते म्हणाले, ‘काकू, तिची तक्रार आहे का? नाही ना? मग आपण कशाला उकरायचं?’ तक्रार कशी असेल? तिला वाटतंय ना, तिचंच बोट!

मी तिला सांगितलं ते पुढे वर्षभरानं, निवृत्तीच्या आदल्या महिन्यात. वर्षभर का थांबलात, असं विचारू नका. मी स्वतःला रोज विचारते. नोकरी जाईल ही भीती होती, आणि त्याहून मोठी भीती, तिच्या डोळ्यांत मी कशी दिसेन. सगळं सांगितलं, स्किपसकट. तर ही बाई हसली.

‘काकू, तुम्ही लय चांगल्या हायेत. पण माझ्यासाठी आपल्या अंगावर कशाला घेता?’

‘अगं, अंगावर घेत नाही, माझ्या अंगावरच आहे ते!’

‘असू द्या. खरं असतं तर तवाच नसतं का सांगितलं तुम्ही? चार दिवस शेजारी बसला व्हता.’

मला सांगा, वाचकहो, हिचं काय करायचं? ती माझ्यावर रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी पाया पडले असते. पण तिनं मला चांगली ठरवून टाकलं आणि स्वतःला वाईट. आणि पुन्हा तेच, ‘पत्र छापून आलं व्हतं.’

म्हणून हा लेख, रंजना. हे छापील आहे. दिवाळी अंकात आहे, फलकावर टाचणीनं लावायच्या त्या कागदापेक्षा जाड आहे, आणि यावर माझं नाव आहे. त्या पत्रावर कुणाचं नाव होतं? आठव. कुणाचंच नव्हतं.

ती चाचणी आता रोज चालते. तिचं नाव मी बदलून ठेवलं, ‘रंजनाच्या फाइली’. तिच्यातल्या फाइली दोनशे चिमूटभर नाहीत आता, एकशे चाळीस भरलेल्या आहेत, तुझ्या प्लॉटांच्या नावांच्या. दिराचा प्लॉट पहिला. निघताना निखिलला बजावलं, हिच्या डोक्यावर तो शब्द कुणी लिहिला तर मी पंचवटीतून चालत येईन. त्यानं अजून लिहू दिलेला नाही. परवा फोन केला होता, म्हणाला, ‘काकू, हल्ली आम्ही लाल झालं की आधी का विचारतो.’ बघू, किती दिवस टिकतंय.

पण तुझ्यासाठी मी माझ्या लॅपटॉपवर दुसरंच काही ठेवलंय. ती जुनी आवृत्ती, दोषासकट. आणि डायरी. तू एकदा इकडे ये. बाग घडांनी भरली की तुला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा त्याआधीच ये, येत्या रविवारीच ये. दिंडोरीहून पंचवटी ती काय लांब गं? दिरालाही आण, त्याला मी बघते. आधी तुम्हाला तेरा ठिपके दाखवीन, तू मूव्ह करण्याआधीचे, दिवसवार. मग तू माझ्या शेजारी बस, पण लॅपटॉपला हात लावायचा नाही. हाताची घडी घालायची, दोन्ही हातांची बोटं काखेत. दीर समोर बसेल. एंटर मी मारीन. एकदा, दोनदा, दहादा, लागेल तितक्या वेळा.

तुझी दहाही बोटं काखेत असताना ते लाल झालेलं तू आपल्या डोळ्यांनी बघ. मग जेवायला बसू. भाकरी मी करते, ठेचा तेवढा सासूबाईंच्या हातचा आण.